निम्मी क्षमता हरित झाली, तरी कोळसा का वाढत गेला?

अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षाला शिकणाऱ्या मुंबईतील एका विद्यार्थिनीने मला तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. देशाच्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता जीवाश्म इंधनाविना चालते, असे असताना कोळशाचा वापर वाढत का गेला. सौर वीज एवढी स्वस्त झाली आहे तर घरचे बिल का उतरत नाही. आणि येत्या दहा-पंधरा वर्षांत आपला ऊर्जापुरवठा व वापर कोणत्या दिशेने जाईल. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे मुंबईच्या वीजपुरवठ्याचे नियोजन आणि भार प्रेषण (कोणत्या वेळी कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची ते ठरवणे) या कामात गेली. त्यामुळे उत्तर देताना मी देशाचे आकडे घेईन आणि त्यांचा अर्थ शक्य तिथे या शहराच्या अनुभवावरून लावीन.

पहिल्या प्रश्नातला पेच क्षमता (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज देता येईल) आणि ऊर्जा (प्रत्यक्षात एकूण किती युनिट मिळाली) या दोन वेगळ्या राशी एकच मानल्यामुळे निर्माण होतो. जून २०२५ मध्ये देशाची स्थापित क्षमता सुमारे ४८५ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) होती आणि तिच्यात जल, अणू, सौर, पवन व जैवभार यांचा वाटा निम्मा झाला. पॅरिस कराराखाली २०३० सालासाठी स्वीकारलेले हे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले, आणि ही कामगिरी मी मुळीच लहान मानत नाही. परंतु एक मेगावॅट सौर क्षमता आपल्या हवामानात वर्षाला साधारण सतरा-अठरा लाख युनिट वीज देते, तर ७० टक्के भारांकाने, म्हणजे सरासरी पूर्ण क्षमतेच्या ७० टक्क्यांवर, चालणारी एक मेगावॅट औष्णिक क्षमता साठ लाखांहून अधिक युनिट देते. त्यामुळे क्षमतेत निम्मा दिसणारा वाटा युनिटांत मोजला की सुमारे पाव भरतो, आणि उरलेली जवळजवळ सगळी वीज कोळशावरच तयार होते.

याला जोड मिळते ती मागणीच्या वाढीची. स्वातंत्र्याच्या वेळी देशाची स्थापित क्षमता १,३६२ मेगावॅट होती आणि दरडोई वीजवापर वर्षाला सोळा युनिटांच्या आसपास होता. २०२३-२४ मध्ये तो १,३९५ युनिटांवर पोहोचला. तरीही तो जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. देशातील एकूण वीजनिर्मिती २०१४-१५ मध्ये सुमारे १.१ लाख कोटी युनिट होती, ती दहा वर्षांत १.८ लाख कोटी युनिटांच्या पुढे गेली. ज्या देशात मागणी स्थिर आहे तिथे पवनचक्क्यांचा एक समूह सुरू झाला की त्याच्या बदल्यात एखादे जुने औष्णिक केंद्र बंद करता येते. आपल्याकडे नवा स्रोत जुन्या स्रोताच्या शेजारी येऊन उभा राहतो, कारण दरवर्षी वाढणारी मागणीच त्याची बहुतेक वीज घेऊन टाकते. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन प्रथमच १०० कोटी टनांच्या वर गेले आणि त्याच वर्षी सौर क्षमतेने १०० गिगावॅटचा टप्पा ओलांडला, या दोन घटनांमध्ये मला म्हणूनच विसंगती दिसत नाही.

ही वाढ नैतिक अपराध असल्यासारखे काही जण बोलतात, ते मला पटत नाही. एप्रिल २०१८ मध्ये मणिपूरमधील लैसांग या गावापर्यंत तारा पोहोचल्या तेव्हा कुठे देशातील प्रत्येक वस्ती असलेल्या गावात वीज आल्याची नोंद झाली, आणि सौभाग्य योजनेतून पुढे अडीच कोटींहून अधिक घरांना जोडण्या मिळाल्या. त्या घरांत आता पंखा, मग दूरचित्रवाणी संच, मग शीतकपाट येणार. ज्यांच्या घरी हे सगळे दोन पिढ्यांपासून आहे, अशा मुंबईकरांना त्यावर आक्षेप घेण्याचा अधिकार नाही.

आता वेळेचा मुद्दा, जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत कमी चर्चिला जातो. भार प्रेषण केंद्रात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग केलेले असतात आणि त्या प्रत्येक भागात मागणी व पुरवठा जुळवावा लागतो. वर्षभराची बेरीज जुळली म्हणून दिवा लागत नाही. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटपर्यंत गेली; हा उच्चांक दुपारी आला आणि त्या वेळी सौर वीज मदतीला होती. खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते. सूर्य कलला की तासा-दोन तासांत सौर वीज शून्यावर येते, तर घराघरांतले दिवे आणि वातानुकूलन यंत्रे नेमकी तेव्हाच सुरू होतात. ही दरी भरून काढण्यासाठी औष्णिक संच दिवसभर कमीत कमी भारावर तेवत ठेवावे लागतात, कारण बंद पडलेला संच थंड अवस्थेतून सुरू करायला अनेक तास लागतात. संध्याकाळी त्यांच्याकडून वेगाने भार उचलून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा उतरवायचा, हे या संचांच्या रचनेला न मानवणारे काम आहे. त्यातून बॉयलरच्या नळ्यांवर ताण येतो, कार्यक्षमता घटते, आणि प्रत्येक युनिटामागे कोळसा थोडा जास्त जळतो.

मुंबईला संध्याकाळच्या या अडचणीवरचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी मिळाले होते. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले ते गिरण्यांना वीज देण्यासाठी. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचे आणि झडप उघडताच काही मिनिटांत वीज मिळवायची, ही सोय देशातील फार थोड्या शहरांना लाभली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची रेल्वे धावली. या विजेची किंमत मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी जमिनी गमावून मोजली, आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, हे मुंबईच्या ऊर्जेचा इतिहास सांगताना वगळणे मला अयोग्य वाटते. १९५६ पासून ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र आणि नव्वदच्या दशकात डहाणूचे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच यांची भर पडली. मात्र शहराची उन्हाळ्यातली कमाल मागणी आता ४,००० मेगावॅटच्या वर जाते, आणि या सगळ्या केंद्रांची मिळून वीज तिला पुरत नाही. उरलेली वीज बाहेरून आणावी लागते, आणि ती आणणाऱ्या वाहिन्यांना मुंबईत शिरायला वाटा मोजक्याच आहेत: तीन बाजूंना समुद्र आणि खाडी, चौथ्या बाजूला दाट वस्ती आणि राष्ट्रीय उद्यान.

याचा परिणाम १२ ऑक्टोबर २०२० रोजी सगळ्यांनी पाहिला. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा पट्ट्यातील ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिन्यांचा आधार तुटला, आणि बाहेरचे जाळे कोसळले तरी मुंबई त्यापासून वेगळी होऊन सुरू राहावी यासाठी १९८१ पासून असलेली आयलँडिंग व्यवस्था त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. शहरांतर्गत निर्मिती त्या घडीच्या मागणीच्या मानाने फार कमी होती, आणि एवढी तूट अंगावर आली की विजेची वारंवारता (सेकंदाला होणारी आवर्तने) घसरते आणि सावरत नाही. लोकल गाड्या रुळांवर थांबल्या आणि रुग्णालयांना जनित्रांवर जावे लागले. त्यानंतर अनेक वर्षे रखडलेली खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि सुमारे १,००० मेगावॅट वीज आणण्याची जादा सोय झाली; कुडूस ते आरे अशी तेवढ्याच क्षमतेची उच्चदाब एकदिश वाहिनीही हाती घेतली गेली. ऊर्जेच्या चर्चेत निर्मितीला जेवढी जागा मिळते तेवढी पारेषणाला, म्हणजे वीज वाहून आणण्याला, मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. राजस्थानच्या वाळवंटातील सौर वीज मुंबईच्या उपयोगी पडते ती डिसेंबर २०१३ मध्ये रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही वाहिनी जोडून देशाचे एकसंध झालेले जाळे आणि त्यापुढचे शेवटचे काही किलोमीटर, या दोन्हींमुळे. त्यातले शेवटचे किलोमीटर नेहमी सर्वांत महाग आणि सर्वांत वादग्रस्त असतात.

वापराच्या बाजूचा कल समजून घ्यायचा असेल तर लालबाग-परळकडे पाहावे. १९८२ च्या संपापर्यंत तिथला वीजवापर गिरण्यांचा होता: पाळ्यांमध्ये विभागलेला, दिवसरात्र जवळपास सारखा, ऋतूनुसार फारसा न बदलणारा. आज त्याच जमिनींवर काचेच्या भिंतींच्या इमारती आहेत आणि त्यांचा मोठा वापर थंडाव्यासाठी होतो. सकाळी कार्यालये उघडली की मागणी झपाट्याने चढते, दुपारी माथा गाठते आणि रात्री कोसळते. मे महिन्यातली मागणी आणि जानेवारीतली मागणी यांत मोठे अंतर पडते. देशभरात हाच बदल मोठ्या प्रमाणावर होतो आहे. उद्योग अजूनही सर्वांत मोठा ग्राहक आहे आणि एकूण वापराच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास त्याचा वाटा आहे, पण घरगुती वापर सुमारे पाव झाला आहे आणि त्याची वाढ तापमानाशी बांधली गेली आहे. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला, देशात अनेक ठिकाणी उन्हाळा सौम्य राहिला, आणि त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत कोळशावरची वीजनिर्मिती आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा चक्क घटली. नव्या सौर क्षमतेचा त्यात वाटा होताच. एका पावसाने देशाच्या कोळशाचा हिशेब बदलावा, एवढे आपले वेळापत्रक आता हवामानाच्या हाती गेले आहे. म्हणून त्या एका सहामाहीवरून कोळशाचा शिखरबिंदू येऊन गेला असा निष्कर्ष मी काढणार नाही.

कार्यक्षमतेने मात्र आपल्याला पूर्वी मोठा हात दिला आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. मोठ्या प्रमाणावरील एकत्रित खरेदीमुळे त्यांची किंमत एवढी उतरली की साधे पिवळे दिवे दुकानांतून जवळजवळ नाहीसे झाले. तशीच मोहीम पंख्यांसाठी व्हायला हवी, हे माझे ठाम मत आहे. नेहमीचा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, तर ब्रशविरहित मोटरचा पंखा तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. मुंबईच्या दमट हवेत वर्षातले दहा महिने पंखा चालतो, आणि देशात पंखे नसलेले घर विरळा, हे लक्षात घेतले तर या बचतीचा आकार ध्यानात येईल. शिवाय ही बचत रात्रीची, म्हणजे सौर वीज नसतानाची आहे.

वीज हा एकूण ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा आहे, हेही सांगायला हवे, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांत ऊर्जा म्हणजे वीज असे गृहीत धरलेले दिसते. उरलेले चार हिस्से वाहने, भट्ट्या, खतकारखाने, चुली अशा वापरांत जातात. कच्च्या तेलाच्या गरजेपैकी सुमारे ८८ टक्के आपण आयात करतो. बॉम्बे हायचा साठा १९७४ मध्ये सापडला आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, तेव्हा तेलाच्या पहिल्या धक्क्यातून सावरणाऱ्या देशाला त्याने मोठा आधार दिला. पण ते क्षेत्र आता उतरणीला लागले आहे आणि वाहनांची संख्या मात्र थांबलेली नाही. मुंबईत टॅक्सी, रिक्षा आणि बस सीएनजीवर आल्याने हवा सुधारली, तरी वायूच्या निम्म्या गरजेसाठी देश आयातीवर अवलंबून आहे. म्हणून बेस्टच्या विजेवरच्या बस किंवा रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांचे जवळपास पूर्ण झालेले विद्युतीकरण यांचा पहिला लाभ मी परकीय चलनाच्या बचतीत मोजतो. कार्बनचा लाभ वीज कोणत्या वेळी आणि कशापासून आली यावर ठरतो.

स्वयंपाकाच्या इंधनाबाबत तर शहरात बसून अंदाजच येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे सुमारे ५९ टक्के होती. उज्ज्वला योजनेने गॅसच्या दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या, हे मोठे काम झाले. पण सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडत नसेल तर घरात गॅस असूनही चूल पेटते. हे सरपण अनेक अधिकृत ऊर्जाताळेबंदांत मोजलेच जात नाही. ते गोळा करण्यात बायकांचा जाणारा दिवस आणि फुप्फुसांत जाणारा धूर तर कोणत्याच तक्त्यात नसतो. विकसनशील देशाची ऊर्जा एका स्रोताकडून दुसऱ्याकडे एका वेळी सरकत नाही; एकाच तालुक्यात सरपण, गॅस आणि छतावरचे सौर पॅनेल शेजारी शेजारी नांदतात.

आता बिलाकडे येतो. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात सौर विजेचा दर युनिटाला १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली आला, आणि तेव्हापासून लोक तो आकडा स्वतःच्या बिलाशी ताडून पाहतात. तो दर उन्हाच्या वेळी, प्रकल्पाच्या फाटकापाशी मिळणाऱ्या विजेचा आहे. वीज बाजारात दुपारचा दर खूप खाली असतो, तर टंचाईच्या संध्याकाळी तो युनिटाला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. तुमच्या बिलात या दोन्हींची सरासरी येते, शिवाय औष्णिक केंद्रांचा स्थिर आकार, पारेषणाचा खर्च, वितरणाचा वहन आकार, गळती आणि वीज शुल्क. स्थिर आकार म्हणजे काय हे महाराष्ट्राने दाभोळ प्रकल्पात फार महाग शिकून घेतले: डॉलरशी बांधलेला करार, महाग आयात इंधन, आणि वीज घेतली नाही तरी द्यावे लागणारे पैसे. २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती वीज घेणे थांबवले आणि प्रकल्प बंद पडला. आज पुन्हा नव्या औष्णिक क्षमतेचे दीर्घ मुदतीचे करार होत आहेत. ते करताना २०४० साली तो संच वर्षातले किती तास चालेल, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण न चाललेल्या तासांचेही पैसे ग्राहकच भरणार आहेत.

पुढच्या दशकाविषयी माझे आकलन असे की सौर क्षमता आणखी वाढेल यात शंका नाही, आणि ती कितपत उपयोगी पडेल हे साठवणूक व मागणीचे स्थलांतर या दोन गोष्टी ठरवतील. साठवणुकीसाठी बॅटऱ्या झपाट्याने स्वस्त होत आहेत. सह्याद्रीचा उतार तर आपल्याकडे आहेच. भिरा येथे १५० मेगावॅटचा आणि घाटघर येथे २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आधीपासून आहे, आता भिवपुरीला १,००० आणि शिरवत्याला १,८०० मेगावॅटचे प्रकल्प ठरले आहेत. दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडायचे. मुळशीचा अनुभव गाठीशी असताना या प्रकल्पांत विस्थापन आणि पाण्याचे वाटप यांची बोलणी काम सुरू होण्याआधी पूर्ण व्हावीत, एवढी अपेक्षा गैर नाही.

मागणीच्या स्थलांतराचे सर्वांत आशादायक उदाहरण मला शेतीपंपांत दिसते. शेतकऱ्याला वर्षानुवर्षे रात्रीची वीज मिळाली, कारण दिवसा ती शहरांना आणि कारखान्यांना हवी होती. रात्री-अपरात्री पाणी धरायला गेलेल्या माणसांना साप चावल्याच्या बातम्या विदर्भ-मराठवाड्यात दर हंगामात येत राहिल्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, आणि २०२३ पासूनचा तिचा विस्तारित टप्पा, यांत शेतीच्या फीडरजवळच (पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीजवळच) सौर प्रकल्प उभारून पंपांना दिवसा वीज द्यायची असे ठरले. यात शेतकऱ्याची रात्र सुटते, दूरवरून वीज आणण्यातली गळती वाचते, आणि रात्रीचा मोठा भार उन्हाच्या वेळेत येतो. बॅटरीशिवाय साधलेली ही साठवणूकच आहे, कारण वीज पाण्याच्या रूपाने शेतात जाऊन बसते. उद्योगांवर आणि दुकानांवर शेतीच्या सवलतीचा जो बोजा पडतो तोही यातून हळूहळू हलका होऊ शकतो. या योजनेतली जागेची, देखभालीची आणि पॅनेल चोरीची दुखणी मला ठाऊक आहेत. तरी गेल्या अनेक वर्षांत महाराष्ट्राने ऊर्जेबाबत घेतलेला इतका योग्य निर्णय मला दुसरा आठवत नाही.

कोळसा लगेच जाणार नाही. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट देशाने २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले, तेच मुळी लांबच्या पल्ल्याचे आहे. माझ्या अंदाजाने आधी कोळशावरची वाढ थांबेल, मग संच कमी तास चालतील आणि त्यानंतर ते बंद होतील. या तिन्ही टप्प्यांत चंद्रपूरसारख्या गावांतील कामगारांचे काय, याचा विचार आतापासून व्हायला हवा.

तुमच्या अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर तो तुमच्या इमारतीतच आहे. चाळीस मजली मनोऱ्याच्या गच्चीवर मावणारी सौर पॅनेल फार तर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे चालवतील, त्यामुळे मुंबईत गच्चीपेक्षा वेळेकडे लक्ष देणे अधिक फलदायी आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक मीटरची पंधरा मिनिटांची नोंद मिळवा आणि एका मे महिन्याच्या व एका जानेवारीच्या आठवड्याचा आलेख काढा. टाकी भरणे आणि गाड्या चार्ज करणे ही दोन कामे सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत आणली तर संध्याकाळचा माथा किती उतरतो ते मोजा, आणि मग तोच हिशेब आपल्या वितरण कंपनीच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दरांशी लावून संस्थेच्या समितीपुढे ठेवा. आलेख काढताना अडचण आली तर मला जरूर कळवा. नोंदींचा नमुना पाठवलात तर तो कसा वाचायचा ते मी सविस्तर लिहीन.